तीन विस्टिन आणि बहात्तर तास

आमच्या फ्रॉड विभागाचं काम सांगायला सोपं आहे. ऑनलाइन जुगारात नव्या खेळाडूला आमची कंपनी पन्नास युरोंचा बोनस देते. काही लबाड एकाच घरातून दहा नावांनी दहा खाती उघडतात, दहा बोनस लाटतात आणि पसार होतात. त्यांना मी पकडते. बारा वर्षं पकडतेय आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी यंत्राने माझ्यापुढे तीन खाती टाकली. तिन्हींचं नाव विस्टिन झाहरा, पत्ता मार्साश्लोक या कोळ्यांच्या गावातला, एकच. वायफायही एकच. त्यातल्या एकाने आदल्या दिवशी अकरा हजार चारशे युरो जिंकून ते काढायला टाकले होते. यंत्राचा शेरा: बोनसचोरी, रक्कम जप्त करा.

मला हसूच फुटलं. हे तिघं माझ्या गावचे चुलतभाऊ. आजोबा विस्टिन, म्हणून त्यांच्या तिन्ही मुलांनी आपापल्या थोरल्याला तेच नाव ठेवलं. आमच्याकडे कुणाच्या घरात असं नसतं? गाव त्यांना लांबोडा, चष्म्या आणि कांद्या म्हणून ओळखतं. एकाच घराच्या तीन मजल्यांवर तिघं राहतात आणि वायफाय वाटून घेतात. जिंकला होता कांद्या. त्याच्या होडीचं इंजिन ईस्टरपासून बंद होतं आणि बासष्टाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढत होता. हे पैसे म्हणजे त्याचं नवं इंजिन.

तिघांची ओळखपत्रं काढून मी स्टेलानकडे गेले. स्टेलान आमचा साहेब, स्वीडनचा. आवाज चढवणं त्याला ठाऊक नाही.

"तीन वेगळी माणसं आहेत ही," मी म्हटलं.

"एक घर, एक बोनस. नियम आहे, मार्थेझ."

"सहा वर्षं खेळतायत. बाकीचे दोघं मिळून एकवीस हजार हरले. तेव्हा तुझा नियम कुठे शेण खात होता?"

"तेव्हा प्रश्न आला नव्हता."

"हरणाऱ्याचा कशाला येईल प्रश्न!" माझं डोकंच फिरलं. "बरं, तिघं एकच म्हणतोस ना? मग ती दोन खाती पहिल्या दिवसापासून खोटी. त्यांच्यावरचे सगळे डाव रद्द. एकवीस हजार परत कर. मी तसाच अहवाल लिहिते आणि सरकारकडे धाडते."

स्टेलानने क्षणभर मनातल्या मनात हिशेब केला. मग हसला. "दे त्याला पैसे. नेहमीसारखे बहात्तर तासांनी."

मी जिंकले म्हणून इतकी फुगले होते की त्या हसण्याकडे लक्षच गेलं नाही. बहात्तर तास म्हणे तपासणीचे. कसली तपासणी? ती मी केली होती. तीन दिवस पैसे खेळाडूच्या खात्यातच लटकत राहतात आणि शेजारी एक हिरवं बटण असतं: मागणी रद्द करा, खेळत राहा. त्या बटणासाठीच ते तीन दिवस. हे मला पुरतं माहीत होतं.

मी कांद्याला फोन केला. लहानपणापासून मी त्याला झियू, म्हणजे काका म्हणते. "झियू, पैसे मिळणार. रविवारी येतील."

"पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो!"

बटणाबद्दल काही बोलले नाही. कांद्या काय कुक्कुलं बाळ आहे, असं वाटलं.

रविवारी दुपारी गरम पास्तीत्सी, आमच्याकडच्या चीजच्या खुसखुशीत करंज्या, घेऊन त्याच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात फोन घेऊन बसला होता.

"ये, ये. तुझं पत्र मिळालं हो."

"कसलं पत्र?"

त्याने फोन पुढे केला. 'प्रिय विस्टिन, दोनशे युरोंची भेट, फक्त तुझ्यासाठी. आजच मागणी रद्द कर आणि खेळ. तुझी, मार्थेझ.'

ज्याच्याकडे प्रकरण असेल त्याचं नाव आमचं यंत्र पत्राखाली घालतं. पत्र धाडायचा हुकूम स्टेलानचा. शुक्रवारी सकाळचं होतं ते.

"मी नकोच म्हणणार होतो," कांद्या सांगत होता. "पण गावच्या पोरीने हौसेने धाडलेलं नाकारायचं कसं? माझ्यासाठी साहेबाशी भांडलीस तू. गावभर सांगितलंय मी."

"किती उरले, झियू?"

"उरतात कसले."

त्याच्या बायकोने माझ्यापुढे कॉफी ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ते मी पाठवलं नव्हतं!" मी ओरडले. "चोर आहेत ते, झियू. दरोडेखोर आहेत मेले! आणि मी त्यांची पगारी नोकर!" माझा आवाज ऐकून वरचे दोन्ही विस्टिन जिन्यात येऊन उभे राहिले.

कांद्याने माझा हात थोपटला. मी वाईट वाटून खोटं बोलतेय, असंच त्याला वाटलं असणार.

"अगं, चिडतेस काय? तू चांगल्यासाठीच केलंस," तो म्हणाला. मग बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून पुढे वाकला. "पुन्हा पाठवलंस ना, तर जपून खेळेन."