दोनशे चाळीस जीबीत किती कोंबाल?

मित्रांनो, मी एक जुनी एसएसडी आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून खेळ, फोटो, सिनेमे असं सगळं सांभाळणारी चपटी पेटी. जुनी म्हटल्यावर तुम्ही लगेच चेहरे पाडाल. नका पाडू! मला कोणाची कीव नको आहे. माझ्यावर 'स्लो' असा शिक्का मारला होता, तो साफ खोटा होता, आणि ते मी आज ठणकावून सांगणार आहे.

माझा जन्म दूर देशीच्या एका कारखान्यात झाला. तिथं धुळीचा कण दिसला तरी माणसं घाबरतात. माझ्यात फिरणारी तबकडी नाही की खरखर नाही. काही मागा, मी पटकन काढून देते. अशी मी, आणि येऊन पडले कुठं, तर दौंडच्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात, चार्जरच्या वायरींशेजारी.

एके दिवशी दुकानात बाप-लेक आले. साहेबराव आणि त्यांचा थोरला मुलगा सम्राट. पाटसजवळच्या वस्तीवरची माणसं. साहेबराव ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर ऊस वाहतात, आणि सम्राट कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आहे. गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवायचा होता. सम्राटनं आधी काचेची पेटी निवडली, मग रंगीत दिव्यांचे पंखे, मग भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. सगळी हौस तिथंच फिटली. शेवटी दुकानदारानं विचारलं, "एसएसडी कितीची टाकू? काय काय ठेवणार हाय त्यात?"

काय ठेवणार, हा प्रश्न सोन्यासारखा होता. पण ऐकतो कोण! सम्राट म्हणाला, "टाका कुठली बी. दिसत तर न्हाई ती बाहेरनं." आणि मी, दोनशे चाळीस जीबीची, त्या झगमगाटामागं एका कोपऱ्यात स्क्रूनं आवळली गेले.

पहिले दिवस मात्र माझे होते. बटण दाबलं की शेवटचा पंखा धड फिरायच्या आत पडदा उजळायचा. शेजारची पोरं बघायला यायची आणि "आयला, लयच फास्ट!" म्हणायची. कौतुक पंख्यांचं व्हायचं, पण धावत मी होते.

त्या घरात गेम खेळणारी दोन माणसं. सम्राटला युद्धाचा एक अवाढव्य खेळ हवा होता. त्या एका खेळानंच माझी अर्धी जागा गिळली, आणि खेळायचा कधी, तर सुट्टी मिळाली तर. दुसरी त्याची धाकटी बहीण प्राची. दौंडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. ती पाच जणींच्या संघातून नेमबाजीचा एक खेळ खेळायची. तिचा खेळ आटोपशीर होता आणि त्यानं मला कधी त्रास दिला नाही. पोरगी गुणी. नेम असा की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायचे.

आता साहेबरावांची गोष्ट सांगते. माणूस मायाळू, पण ऊसवाहतुकीत केस पिकलेले. ट्रॉली म्हणजे शिगोशीग भरायची, फळीच्या वर चार थर मोळ्या चढवायच्या, वरून दोर आवळायचा, हीच त्यांची रीत. भरलेल्या ट्रॉलीचा व्हिडिओ काढायचा, त्याला दणदणीत गाणं लावायचं, आणि फोन भरला की सगळं माझ्यात आणून ओतायचं. प्राची कधी "पप्पा, थोडी जागा राहू द्या" म्हणाली, तर ते हसायचे. "मोकळी जागा ठिवून कुणी ट्रॉली आणतं व्हय? अजून येवढी रिकामी हाय की!"

मित्रांनो, आम्हाला मोकळी जागा लागते हो! आम्ही सामान इकडचं तिकडं हलवत काम करतो. गळ्यापर्यंत भरलं तर लिहायचं कुठं आणि सरकायचं कसं? पण त्यांनी भरलं. हंगामाचे व्हिडिओ, पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग, जयंतीच्या मिरवणुकीचं शूटिंग, तेही दोनदोनदा. माझ्या नावासमोरची पट्टी दिवाळीपासून लालभडक होती. ढुंकून पाहिलं नाही कोणी.

मग व्हायचं तेच झालं. प्राची ऐन खेळात अडकायला लागली. समोरून शत्रू यायचा, पडदा थिजायचा, आणि पुन्हा हलेपर्यंत प्राची मेलेली असायची. सम्राट म्हणाला, "ही एसएसडीच भंगार हाय." बरं, मला म्हणाला तर म्हणाला. पण शिरूरची तहमीना, त्या पाच जणींची कॅप्टन, तिला काय माहीत इथं काय चाललंय! ती प्राचीला फोनवर म्हणाली, "तू मधीच पुतळ्यावानी हुभी राहतीस. आम्ही चौघी तुझ्यामुळं मरतोय. रविवारी जिंकलो तर शिरूरच्या फायनलला जाऊ. त्या मॅचला परत असं झालं तर तुझ्या जागी फरहतला घेणार. वाईट वाटतंय गं, पण घेणार."

प्राची फोन ठेवून आईजवळ जाऊन बसली. म्हणाली, "मम्मी, माझं हातच जड हायत."

"हात जड?" चांगुणाबाई उसळल्या. "उसाचं पाचट काढाया लागलीस की तुझ्या जोडीला बाया टिकत न्हाईत. कोण म्हणतं हात जड?"

पण पोरीच्या मनानं घेतलं ते घेतलं. मला तोंड असतं ना, तर सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले असते. अरे, तिच्या हातांना नावं ठेवू नका! मला श्वास घेऊ द्या!

शनिवारी सकाळी तिच्या खेळाचा अपडेट आला. तो घेतल्याशिवाय रविवारी खेळता येणार नव्हतं. प्राचीनं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, 'जागा अपुरी आहे'. तेव्हा कुठं तिनं माझी लाल पट्टी पाहिली. मग एकेक फोल्डर उघडत गेली, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"दादा, तुझी गेम काढ. आन् पप्पांचं व्हिडिओ पण काढू."

"येडी का? डाऊनलोड व्हायला आठवडा गेलाय तिला. दौंडला जाऊन दोन टीबीची नवी आणू."

दुकानदाराला फोन लावला. तो लग्नाला गावाकडं गेला होता, शटर बंद. त्या दिवशी साहेबरावांच्या ट्रॅक्टरची पाळी नव्हती, म्हणून तेही घरी होते. म्हणाले, "आन् माझं व्हिडिओ कशाला काढता? कोपऱ्यात पडून हायत, कुणाचं काय खात्यात?"

प्राची त्यांच्याकडं वळली. "पप्पा, चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली की काय करता?"

"काय करणार? वरच्या मोळ्या उतरवतो."

"न्हाई उतरवल्या तर?"

"मंग स्टेअरिंगच लागत न्हाई. फिरव कितीबी, गाडी वळतच..." साहेबराव बोलता बोलता थांबले. माऊसवर ठेवलेल्या लेकीच्या हाताकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी तू फिरवत हुतीस. चाकंच जमिनीवर नव्हती."

प्राचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेबराव उठले आणि गरजले, "सम्राट! उतरव मोळ्या. पयली तुझी!"

सम्राट कुरकुरला, पण त्यानं खेळ काढला. साहेबरावांनी स्वतः खुर्ची ओढली, व्हिडिओ निवडले, आवडते पेन ड्राइव्हवर घेतले आणि बाकीचे पुसायला लावले. लग्न आणि मिरवणूकही पेन ड्राइव्हवर गेली. माझी पट्टी निळी झाली. काय सांगू, किती मोकळं वाटलं! अपडेट तर मी बघता बघता बसवला.

रविवारी मॅच झाली. पडदा एकदाही थिजला नाही. प्राची काय खेळली! शेवटाकडं मात्र एक सोपा नेम चुकला, आणि तहमीनाचा आवाज हेडफोनमधून कडाडला, "ए, परत अडकलीस?"

"न्हाई," प्राची म्हणाली. "चुकले मी. माझीच चूक."

"मग काय न्हाई. चूक सुधारता येती. चल, पुढं हो!"

त्या जिंकल्या. खेळातून बाहेर पडताना तहमीना एवढंच म्हणाली, "फरहतला सांगते, जागा न्हाई. शिरूरला लवकर ये."

पुढच्या आठवड्यात बाप-लेक परत दौंडच्या दुकानात गेले. यावेळी लेक म्हणजे प्राची होती. मलाही कॉम्प्युटरसकट नेलं. दुकानदार म्हणाला, "दोन टीबी घ्या, चिंता मिटली." प्राची म्हणाली, "रोज खेळते ती माझी गेम, दादाच्या दोन-तीन मोठ्या, पप्पांचं व्हिडिओ, वर अपडेटची भर, आन् पाचवा हिस्सा मोकळा. एक टीबी पुरती. दोनची घेतली तर पप्पा दिवाळीपर्यंत ती पण शिगोशीग भरतील." साहेबराव मान खाली घालून हसले.

दुकानदारानं माझ्याकडं बोट दाखवलं. "मग ही जुनी काढून टाकू?"

"हात लावू नका तिला," प्राची म्हणाली. "मॅच तिच्यावर जिंकलीय. विंडोज तिच्यावरच राहील."

तर मित्रांनो, मी इथंच आहे आणि इथंच राहणार. तुम्ही एसएसडी घ्याल तेव्हा पंख्यांचे दिवे नंतर बघा, आधी तिच्यात काय ठेवणार ते ठरवा. नुसती मोठी घेऊ नका, पुरेल एवढी घ्या आणि मोकळी ठेवा. आणि खेळताना कोणी अडकलं, तर पहिल्यांदा आमच्या पोटात काय काय कोंबलंय ते उघडून बघा. त्यानंतरच एखाद्या पोरीला सांगा, की तुझे हात जड आहेत. हिंमत असेल तर!