मूळ गटात परत

बाबांचं काम लोकांना सांगून पटायचं नाही. ते फोन कंपन्यांना नंबर वाटायचे. सुटे नाही, दहा-दहा हजारांचे गट. सुरुवातीचे आकडे गटाचे, शेवटचे चार माणसाचे, असं ते जेवताना समजावत बसायचे. "आणि आमटी निवतेय ती कुठल्या गटात?" आई विचारायची.

शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खोलीत त्यांच्या फोनला रेंज मिळेना, म्हणून दादाने तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला. बाबा गेल्यावर, बाकीची कामं उरकता उरकता, त्याने तो बंदही करून टाकला. आईला विचारलं नाही.

आईच्या फोनमध्ये तो नंबर 'अहो' या नावाने होता. भांडी आवरली की ती तो लावायची. नंबर सेवेत नाही, असं एक बाई सांगायची. "निदान तिथे दुसरं कुणी नाही," आई म्हणायची. मग एके दिवशी मला म्हणाली, "तो कुणाला जाऊ देऊ नकोस गं."

मी नव्या कंपनीत गेले. "हा आमच्याकडे नाहीच, मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "बंद झाला की ज्यांचा गट त्यांच्याकडे परत जातो."

भाडेकरू गेला की खोली घरमालकाची, असं बाबाच सांगायचे. तो नियम त्यांनीच लिहिला होता. मी दादाला फोन केला.

"मला काय ठाऊक? नंबरच तर आहे."

"बाबांच्या ताटाला ताट लावून जेवलास, आणि एवढंही कानावर पडलं नाही?"



जुन्या कंपनीतले अधिकारी बाबांना ओळखत होते. त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. नंबर पाहून त्यांनी चष्मा काढला.

"ठरलेली मुदत तो पडून होता. गेल्या आठवड्यात दिला गेला, आजच चालू झाला."

"परत घेता नाही येणार?"

"चालू नंबर काढून घ्यायचा नाही, हेही साहेबांचंच. मी तेव्हा म्हटलं होतं, अपवादाला एखादी फट ठेवा. तर म्हणाले, आज तुमची ओळख, उद्या माझी." ते हसले, आणि मग त्यांना ते हसू कुठे ठेवावं कळेना.

घरी आले तर आई फोन समोर ठेवून बसली होती.

"आज लावला तर पलीकडे वाजला गं. मी घाबरून कट केला."

तिला काय सांगायचं ते मी जुळवत होते, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'अहो'. आईने हात मागे घेतला. "तू घे."

"या नंबरवरून मिस्ड कॉल होता," पलीकडे एक तरुण, सभ्य आवाज. "कोण हवंय?"

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चुकून लागला," मी म्हटलं.

"काही हरकत नाही."

मी फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"काही हरकत नाही म्हणाले."