चोंदम्माच्या वहीतल्या रिकाम्या जागा

मित्रांनो, आमच्या जातीत तेरा वर्षं म्हणजे म्हातारपण. मी लॅपटॉप आहे. माझी बॅटरी कधीच गेली, म्हणून मी कायम भिंतीतल्या वायरीला बांधलेला असतो. कोडगूत, म्हणजे कूर्गात, वीज वरचेवर जाते. ती गेली की मी बोलता बोलता बंद पडतो. तरी माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण माझ्या हातून एक काम चुकीचं झालं आणि ते आता दुरुस्त होण्यासारखं नाही.

मी कुठल्या कारखान्यात जोडला गेलो ते मला आठवत नाही. माझी पहिली आठवण मैसूरच्या दुकानातली आहे. उत्तय्या नावाचा कॉफीचा बागायतदार आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलीचं नाव देचम्मा, घरात देचू. तिला कॉलेजसाठी मी हवा होतो. चार वर्षं मी तिच्याबरोबर वसतिगृहात राहिलो. तिचे प्रकल्प, तिच्या परीक्षा, सगळं माझ्यावर झालं. ती मैत्रिणींना सांगायची, हा कधी दगा देत नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे तिला नोकरी लागली आणि कंपनीने नवा लॅपटॉप दिला. मी गावी आलो. एका कपाटात, मिऱ्याची पोती आणि जुनी घोंगडी यांच्यामध्ये मला ठेवलं. तिथे मी सहा वर्षं होतो. या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंगाला मिऱ्याचा वास लागला, तो अजून गेलेला नाही.

उत्तय्याची बायको चोंदम्मा. ती अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी सातला अंगणातल्या तांब्याच्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायची आणि वहीत लिहायची. आमच्याकडे पाऊस इंच आणि सेंटमध्ये मोजतात, शंभर सेंटचा एक इंच. दर वर्षाची एक वही. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासरे मोजायचे. ते गेल्यावर तिने सुरू केलं.

मी कपाटात होतो त्याच्या सहाव्या वर्षी, नोव्हेंबरात, तिच्या हृदयाचा आजार वाढला. अंगणाच्या चार पायऱ्या उतरल्या तरी तिला दम लागायचा. मैसूरच्या डॉक्टरांनी उत्तय्याला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्याने घरात सांगितलं नाही. पण तिला कळलं होतं. ती एकदा म्हणाली, "या खेपेला फुलोरा चांगला आणा. मला व्हरांड्यात बसून अख्खा उतार पांढरा बघायचा आहे."

कॉफीचं फूल दोन-तीन दिवसांचं असतं. घरासमोरचा सगळा उतार पांढरा होतो आणि वास घरात भरतो. पण त्यासाठी फेब्रुवारी-मार्चात कळीला एकदम एक इंच पाणी लागतं. थोडं थोडं पडलं तर कळी अर्धी उघडते आणि तशीच करपते. पाऊस आला नाही तर तळ्यातलं पाणी पंपाने उडवायचं. तळ्यात एका वेळेपुरतंच पाणी होतं. पंप शेजारच्या नंजप्पाचा होता. पाळीप्रमाणे तो आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी यायचा होता.

उत्तय्याने ठरवलं की चोंदम्माला एक भेट द्यायची. तिची अठ्ठावीस वर्षं एका कागदावर, चित्रासारखी. त्यासाठी मला कपाटातून काढलं. सुट्टीला आलेल्या देचूने माझी धूळ पुसली, तक्ता कसा भरायचा ते बापाला शिकवलं आणि इंटरनेटवर प्रश्नांना उत्तरं देणारा एक सहायक दाखवला. माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी लिहून बोलायचं. देचू म्हणाली, "अप्पा, आलेख काढायचा असला की याला विचारा. मला सारखा फोन करू नका."

"हा चिडत नाही ना?"

"नाही. म्हणून तर तुमच्यासाठी बरा."

मग उत्तय्या दोन महिने दोन बोटांनी वह्या उतरवत होता. चोंदम्माने पाऊस नसलेल्या दिवसासमोर आडवी रेघ ओढलेली असायची. काही ठिकाणी मात्र सात-आठ दिवसांच्या जागा रिकाम्या होत्या, त्यांच्या कडेला एक उभा कंस होता आणि शेवटच्या दिवसासमोर आकडा. उत्तय्याने रेघेच्या जागी शून्य भरलं आणि रिकाम्या जागीही शून्य भरलं. तक्त्यात भोकं बरी दिसत नाहीत, असं त्याला वाटलं. कंस काढायला माझ्यात जागा नव्हती.

जानेवारीत तक्ता पूर्ण झाला. उत्तय्याने सहायकाला लिहिलं की एका दिवसात एक इंच किंवा जास्त पाऊस कोणत्या आठवड्यात किती वर्षं पडला, ते उभ्या पट्ट्यांनी दाखवायचं आहे. सहायकाने एकेक पायरी सांगितली. आधी आठवड्याचा रकाना, मग मोजणीचं सूत्र, मग ते दोन रकाने निवडून आलेख. उत्तय्याचं एक सूत्र चुकलं, तेही त्याने शांतपणे सुधारून दिलं. आणि मध्येच त्याने विचारलं, की यातल्या काही नोंदी एकापेक्षा जास्त दिवसांच्या मिळून आहेत का, किंवा काही दिवस मोजायचे राहिले आहेत का? तसं असेल तर त्या जागी शून्य लिहू नका, रिकामं ठेवा.

उत्तय्याने उत्तर लिहिलं, "नाही. माझी बायको रोज सकाळी सातला मोजते."

मित्रांनो, ते त्याने किती अभिमानाने लिहिलं हे माझ्या किल्ल्यांना माहीत आहे. ती तेव्हा पाच पावलांवर, स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होती.

आलेख आला. फेब्रुवारीत जवळजवळ काही नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र उंच निळी पट्टी, अठ्ठावीसपैकी पंधरा वर्षं. मी तो स्वच्छ, सरळ रेषांत दाखवला. इतकं देखणं काम मी कॉलेजातही केलं नव्हतं. उत्तय्याने तो छापून आणला आणि चोंदम्माच्या हातात दिला. तिने कागद बराच वेळ धरून ठेवला, त्यावरून बोट फिरवलं. तिला आवडला. मला वाटतं, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता. तो तिथेच संपायला हवा होता.

फेब्रुवारीच्या शेवटी नंजप्पा पंप कधी पाठवू ते विचारायला आला. उत्तय्याने त्याच्यापुढे आलेख ठेवला. दुसऱ्या आठवड्यात आभाळच पाणी देणार, मग आत्ता तळं कशाला रिकामं करायचं? तळ्यातलं पाणी नंतरच्या खेपेला ठेवू. पंप आत्ता तूच वापर, असं त्याने सांगितलं. नंजप्पा म्हणाला, "अण्णा, तुम्ही आता वेधशाळाच उघडा. पाटी मी रंगवून देतो."

चोंदम्मा दारात कॉफी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "त्या आठवड्यात एका दिवसात एवढा पाऊस मला नाही आठवत. पाणी आत्ताच सोडा."

"तुझ्याच वहीतलं आहे."

"वहीतलं मी लिहिलंय. उत्सवाचे दिवस कसे धरलेत ते विचारते."

"सगळं धरलंय," उत्तय्या म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं त्याने एका मिनिटात वाचली. तू आता विश्रांती घे."

नंजप्पा हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. "अक्का, आता तुमची नोकरी गेली."

तिला दम लागला होता. तिने पेले ठेवले आणि ती आत गेली. पंप आधी नंजप्पाच्या बागेत चालला आणि तिथून त्याच्या मेहुण्याच्या बागेत गेला.

मार्चचा दुसरा आठवडा आला. एका दुपारी ढग भरले, उत्तय्या अंगणात जाऊन उभा राहिला. सकाळी मापकात अठरा सेंट निघाले. पुढे सगळा आठवडा कोरडा. कळ्या अर्ध्या उघडल्या, तांबूस झाल्या आणि तशाच राहिल्या. पंप आमच्याकडे आला तेव्हा उशीर झाला होता. उतारावर कुठेकुठे पांढरे ठिपके दिसले, बाकी सगळं करपलेलं.

नंजप्पाची बाग टेकडीच्या पलीकडे आहे. त्याने वेळेवर पाणी दिलं होतं. ती आमच्या व्हरांड्यातून दिसत नाही, वास मात्र येत होता. चोंदम्मा दोन दिवस व्हरांड्यात बसून होती. दुसऱ्या दिवशी उत्तय्या तिच्याजवळ बसला आणि म्हणाला की माझं चुकलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वहीला विचारलंत, मशीनला विचारलंत. मी इथंच बसले होते."

उत्तय्या नंजप्पाच्या बागेत गाडीने नेतो म्हणाला. ती नको म्हणाली. आपला उतार बघायचा होता, म्हणाली.

मे महिन्याच्या शेवटी ती गेली.

सुतक संपलं, लोक आपापल्या घरी गेले, देचूही गेली. मग एका सकाळी उत्तय्याने वह्या पुन्हा काढल्या आणि मला चालू केलं. मार्चची पानं त्याने एकामागून एक बघितली. तेव्हा त्याला ते कंस दिसले. खरं म्हणजे तेव्हा त्याने ते वाचले, दिसले आधीच होते.

चोंदम्माच्या माहेरी मार्चच्या सुरुवातीला गावदेवीचा उत्सव असतो. उत्सवाआधी गावाला कट्टू बांधतात. कट्टू बांधलं की गावात असलेल्याने उत्सव संपेपर्यंत रात्री गावाबाहेर राहायचं नाही. त्यामुळे ती एकदा गेली की आठ दिवस तिथेच. उत्तय्याही तिच्याबरोबर असायचा, अठ्ठावीस वर्षं, सासुरवाडीच्या पंगतीत. त्या आठ दिवसांत इथे थोडा थोडा पाऊस मापकात साठत राहायचा. परत आल्यावर ती सगळं पाणी एकदम मोजायची, एक आकडा लिहायची आणि तो आठ दिवसांचा आहे हे विसरलं जाऊ नये म्हणून कंस ओढायची.

उत्तय्याने सहायकाला सगळं लिहिलं. हिवाळ्यात तुला नाही म्हणालो होतो ते खोटं होतं, असंही लिहिलं. त्याने दोष दिला नाही. शून्यं काढून जागा रिकाम्या कशा ठेवायच्या, कंसातल्या बेरजा एका दिवसाच्या पावसात धरल्या जाऊ नयेत म्हणून वेगळा रकाना कसा करायचा, हे सांगितलं. दुपारपर्यंत नवा आलेख झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली पंधरा वर्षांची पट्टी दोन वर्षांवर आली.

पण काही कंस मार्चातले नव्हते. एक होता एका ऑक्टोबरातला, तीन दिवसांचा. त्या तीन दिवसांत चोंदम्मा कुठे होती? देचूचा जन्म त्या वर्षीचा नव्हे. आजारपण नव्हतं, कोणाचं लग्न नव्हतं. उत्तय्याने देचूला फोन केला. तिला आठवेना. मग त्याने सहायकाला विचारलं. उत्तर आलं की आकड्यांवरून हे मला सांगता येणार नाही. ज्यांनी ही नोंद ठेवली, त्यांना विचारता आलं तर उत्तम.

उत्तय्या त्या ओळीकडे बघत राहिला. मी ती ओळ तशीच धरून ठेवली, वीज जाईपर्यंत. दुसरं मी काय करणार होतो?

आता तो रोज सातला पाणी मोजतो. तक्त्यात त्याने शेऱ्याचा एक रकाना वाढवला आहे. उशीर झाला तर कारण लिहितो. बाहेरगावी गेला तर गावाचं नाव लिहितो. ऑक्टोबरातल्या त्या तीन दिवसांसमोर त्याने लिहिलं आहे, "माहीत नाही." नंतरच्या फेब्रुवारीत त्याने पाणी वेळेवर दिलं आणि उतार पांढरा झाला. नंजप्पा म्हणाला, "अण्णा, जरा बाहेर बसा, काय फुललंय बघा." उत्तय्या थोडा वेळ बसला आणि आत आला.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगायला हवं. माझी धूळ पुसा, मला कपाटात कोंडू नका. तेही सांगतोच. मी आणि तो लिहून बोलणारा सहायक तुमचं पुष्कळ काम करू. रकाने जुळवू, पट्ट्या काढू, रंग भरू. पण तुम्ही आम्हाला जेवढं द्याल तेवढंच आमच्याजवळ असतं. तुमच्या घरात कोणी पाऊस लिहीत असेल, दूध लिहीत असेल, लग्नकार्याच्या तारखा लिहीत असेल, तर ती वही माझ्यासमोर उघडण्याआधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. ही जागा रिकामी का, एवढं विचारा. सांगायला वेळ लागला तर लागू द्या. तोवर मी चालूच असेन. मी थांबेन.