साक्षीदाराच्या शब्दांत

"वय त्रेचाळीस." प्राचार्यांनी अर्जावरून मान वर केली. "हे बरोबर आहे, की टंकलेखनाची चूक?"

"बरोबर आहे, सर. अर्ज मीच टाईप केलाय. माझ्या हातून टंकलेखनाची चूक होत नाही."

शेजारच्या प्राध्यापिका हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागल्या. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. विधी महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गासाठी त्या दिवशी त्यांनी तीसेक मुलाखती घेतल्या होत्या, आणि आतापर्यंतच्या सगळ्या उमेदवारांना समाजाची सेवाच करायची होती.

"प्रवेश परीक्षेत तुम्ही चौथ्या आलात."

"हो. परीक्षेच्या हॉलमधून मला आधी बाहेर काढलं होतं. म्हणे, पालकांनी फाटकापाशी थांबायचं."

आता प्राध्यापिकांना हसू आवरेना. प्राचार्य मात्र कागदच चाळत होते. "वीस वर्षं न्यायालयात लघुलेखक. पक्की नोकरी. मग हे कशाला?"

उत्तर तिने घरून घोकून आणलं होतं. ज्ञान, आवड, लेकीचं शिक्षण आता मार्गी लागलंय, वगैरे. पण ऐन वेळी तोंडातून दुसरंच आलं.

"वीस वर्षं लोकांचं बोलणं लिहिलं, सर. एकदा चुकीचं लिहिलं."

"आत्ताच म्हणालात, चूक होत नाही."

"टंकलेखनाची होत नाही."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगा."

तिने सांगितलं.

न्यायालयात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. न्यायाधीशांच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली, तिचं टेबल. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्याचं सार काढून सांगायचे, आणि ते सार ती टाईप करायची. कामाची रीतच तशी होती आणि त्यात तिला कधी काही खटकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका इस्पितळाच्या धुलाईघरातली बाई साक्षीला आली. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात तिचा उजवा पंजा भाजून आखडला होता. मालकाच्या वकिलाने विचारलं, यंत्र चालू असताना हात आत घातलात का? बाई म्हणाली, "घातला, पण झाकण हलतंय असं मी तीनदा मुकादमाला सांगितलं होतं. तो म्हणाला, चालव तसंच, चादरी अडकल्यात." जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. न्यायाधीशांनी सांगितलं, "लिहा. यंत्र चालू असताना मी हात आत घातला, हे खरं आहे." तिने लिहिलं. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा डाव्या हातात पेन धरून बाईने हळूच विचारलं, "बाई, मी बोलले ते सगळं आलंय ना यात?"

"मी म्हणाले, सही इथे करा," स्टेनोबाईने प्राचार्यांना सांगितलं. "ती दावा हरली. मी नंतर तिचा पत्ता काढत गेले, तर घर सोडून गेली होती."

प्राचार्यांनी अर्जावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "वर्ग सहाला सुरू होतो. मला उशिरा आलेलं चालत नाही."

"मलाही कोणी उशिरा आलेलं चालत नाही," ती म्हणाली आणि उठली.

घरी नवऱ्याने बातमी ऐकली, तेव्हा तो जोडे काढत होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं त्याचं काम, बोलणं मोजकं. एक जोडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "तीन वर्षं बारीक अक्षर वाचायचं म्हणजे... उद्या दुकानात ये. आधी नंबर तपासू."

सासूबाई कोपऱ्यात शिलाई यंत्रावर कुणाच्या तरी पडद्यांना टिपा मारत होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "आणि मी काय करायचं? नुसतं बघायचं होय?"

"तुम्ही प्रश्न विचारायचे."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"तुम्हाला कळेपर्यंत मी सांगायचं. तुम्हाला कळलं की मला आलं."

सासूबाईंनी हे काम इतकं मनावर घेतलं, की वर्षभरात कराराचा भंग आणि विश्वासघात यातला फरक त्या खालच्या मजल्यावरच्या बायकांना समजावू लागल्या. परीक्षक म्हणून मात्र कडक होत्या. "अडखळलीस. म्हणजे येत नाही. परत."

अभ्यासाचं तिला कधीच ओझं वाटलं नाही. कलमं तिच्या बोटांना आधीच पाठ होती. आता ती फक्त डोक्याला ओळख करून देत होती. वर्गातली पोरं पहिल्या महिन्यात तिला काकू म्हणत, दुसऱ्या महिन्यात तिच्या वह्या मागू लागली. अवघड होतं ते बोलणं. दुसऱ्या वर्षी वर्गात खोटा खटला चालवायचा होता. तिची पाळी आली, ती उभी राहिली, आणि समोरचा मुलगा युक्तिवाद करत असताना तिच्या लक्षात आलं, की आपली बोटं टेबलाच्या कडेवर चाललीत. तो बोलत होता आणि ती टाईप करत होती. तिची बोलायची वेळ आली तेव्हा डोक्यात त्याचा शब्द न् शब्द होता, स्वतःचा एकही नव्हता. "महोदय," एवढंच म्हणून ती खाली बसली.

घरी आल्यावर तिने ते नवऱ्यापासून लपवलं, सासूबाईंपासून लपलं नाही.

"न्यायालयात वीस वर्षं तोंड मिटून बसलीस ना, त्याचा परिणाम," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याशी भांडताना तर कधी अडत नाहीस."

"तुमच्याशी भांडायची सवय आहे."

"मग मला बसव त्या खुर्चीत. हं, चालू कर. आणि हात मागे बांध."

पुढची दीड वर्षं रोज संध्याकाळी जेवणाआधी शिलाई यंत्रामागे बसलेल्या न्यायमूर्तींपुढे हात मागे बांधून युक्तिवाद झाले. बहुतेक वेळा न्यायमूर्ती म्हणायच्या, "मुद्द्यावर या, कुकर लावायचाय." पदवीच्या परीक्षेत ती पहिली आली. नोकरीचा राजीनामा तिने स्वतःच टाईप केला. एका पानाचा, एकही खाडाखोड नसलेला. सनद हातात पडली तेव्हा तिला सत्तेचाळिसावं लागलं होतं.

एका थोरल्या वकिलांनी तिला आनंदाने आपल्या कार्यालयात घेतलं. शहरातलं मोठं नाव. बाहेरच्या बाकावर सकाळपासून पक्षकार दाटीवाटीने बसलेले. "तुमच्यासारखी अनुभवी ज्युनियर मिळायला भाग्य लागतं, ताई," ते म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांनी एक प्रतिज्ञापत्र सांगितलं, तिने टाईप केलं. दुसऱ्या दिवशी तीन. पाचव्या महिन्यात कार्यालयातल्या जुन्या टायपिस्टला त्यांनी निरोप दिला, कारण आता गरज उरली नव्हती.

त्या दिवशी ती त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "सर, मला एखादं काम चालवायला द्या. लहान असलं तरी चालेल."

थोरले वकील मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त आपली सोय दिसत होती. "ताई, तुमचा हात सोन्याचा आहे. तोंडाचं काम आम्ही बघतो की. ते तेवढं अपील आज जायला हवं बरं का."

तिने अपील पूर्ण केलं. चौदा पानं. पुन्हा एकदा वाचलं, क्रमांक तपासले, टाचणी लावली आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"सर, हे शेवटचं. यापुढे मी जे टाईप करीन, त्याखाली सही माझी असेल."

"अहो ताई, रागावलात की काय?"

"नाही सर. उशीर झालाय तेवढा."

पिशवी घेऊन बाहेर आली तर बाकावर एकच माणूस उरला होता. पन्नाशीचा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. तो उभा राहिला.

"तुम्ही आतल्या टायपिस्ट ना? साहेबांनी माझं काम घेत नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, यात काही दम नाही. माझे कागद तेवढे परत मिळतील का?"

"मी वकील आहे," ती म्हणाली. हे वाक्य परक्या माणसापुढे तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि ते सरळ आलं. "बसा. काय झालं ते सांगा. पहिल्यापासून, सावकाश."

तो लिफ्टवाला होता. सात मजली कापडाच्या दुकानात सतरा वर्षं लिफ्ट चालवत होता. लोखंडी जाळीचं दार, पितळी दांडा. एका सकाळी, ऐन गर्दीत, त्याने लिफ्ट तळमजल्यावर आणून उभी केली, दारावर 'बंद' अशी पाटी लावली आणि स्टुलावर बसून राहिला. व्यवस्थापकाने चालू करायला सांगितलं. याने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. कारण दिलं, हुकूम मोडला.

"बिघाड निघाला का पुढे?" तिने विचारलं.

"कुणी बघितलंच नाही. महिनाभराने सगळी लिफ्टच काढून टाकली. आता बटणाची बसवलीय."

तिने आयुष्यातलं पहिलं वकीलपत्र त्याच बाकावर बसून लिहिलं.

कामगार न्यायालयात साक्षीचा दिवस उजाडायला आठ महिने लागले. न्यायाधीशांच्या उजव्या हाताला एक तरुण मुलगी टाईप करत होती. लिफ्टवाला पिंजऱ्यात ताठ उभा होता. दुकानाच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "लिफ्टमध्ये नेमका काय बिघाड होता, सांगू शकाल?"

"बिघाडाचं नाव मला नाही सांगता येणार," लिफ्टवाला म्हणाला. "मी काही इंजिनियर नाही. पण सतरा वर्षं तो दोर माझ्या डोक्यावरून जातोय. त्या दिवशी चौथ्याच्या वर गेलं की त्याचा आवाज बदलायचा. आत दोन बाया होत्या, एकीच्या कडेवर मूल. मी म्हटलं, आता पुरे. खाली आणली, सगळ्यांना उतरवलं, मग पाटी लावली."

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांच्यापुढे एकवीस प्रकरणं होती. टाईप करणाऱ्या मुलीकडे वळून ते म्हणाले, "लिहा. लिफ्टमध्ये नेमका कोणता बिघाड होता, हे मला सांगता येत नाही."

कळांचा आवाज झाला. लिफ्टवाल्याच्या बाजूने ती उभी राहिली.

"महोदय, माझी हरकत आहे."

"कशाला? साक्षीदार तसं म्हणाला नाही का?"

"म्हणाला. पण ते उत्तराचं पहिलं वाक्य आहे. पुढची राहिली."

"बाई, सगळं शब्दशः लिहीत बसलो तर इथंच म्हातारं व्हावं लागेल."

"मी झालेय, महोदय," ती म्हणाली. मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. ती हसली नाही. "साक्षीदाराला दुकानाने एका उत्तरासाठी काढलंय. त्याला लिफ्ट का थांबवली विचारलं, तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं आणि कुणी लिहून घेतलं नव्हतं. आज तो शपथेवर सांगतोय. ते त्याच्या शब्दांत नोंदलं जावं, एवढीच विनंती आहे." आणि मग तिने ते उत्तर म्हणून दाखवलं. दोर, चौथा मजला, दोन बाया, कडेवरचं मूल, आता पुरे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. वीस वर्षांची सवय. ती कुठे जाणार?

दुकानाचे वकील उठले. "महोदय, ही माझ्या विद्वान भगिनीची स्मरणशक्ती आहे, साक्ष नव्हे."

न्यायाधीश बाजूला वळले. "तुम्ही ऐकलंत. काय म्हणाला होता साक्षीदार?"

टाईप करणारी मुलगी गोंधळली. तिला त्या खोलीत आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग लिफ्टवाल्याकडे.

"या बाई म्हणाल्या तसंच, सर. तस्संच."

"ठीक आहे," न्यायाधीश म्हणाले. "आधीचं खोडा. साक्षीदाराच्या शब्दांत घ्या."

ती खाली बसली. बोलताना आपले हात मागे बांधलेले होते, हे तिला नंतर कळलं.

निकाल लागायला आणखी तीन महिने गेले. पाचव्या मजल्यावरच्या न्यायकक्षात तो वाचून दाखवला गेला: बडतर्फी बेकायदा, कामगाराला नोकरीवर परत घ्यावं. पण जुनी लिफ्ट आता अस्तित्वात नसल्याने त्याला त्याच दर्जाचं काम गोदामात द्यावं.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला निकालपत्र समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नव्हतं. तसं लिहिलंय. नवव्या परिच्छेदात."

"आणि लिफ्ट नाही."

"लिफ्ट नाही," ती म्हणाली. "त्यावर अपील करता येईल, पण खोटी आशा मी लावणार नाही. लिफ्टवाल्याचं पदच आता राहिलं नाही."

"नको. गोदाम तर गोदाम." कॉलरचं बटण त्याने उगाच चाचपलं. "नवी चांगली आहे म्हणतात. आवाजच करत नाही."

समोर न्यायालयाची लिफ्ट येऊन थांबली. स्टीलची, बटणांची. दार उघडलं तसा तो सवयीने आधी आत शिरला आणि बटणांच्या फळीपाशी, भिंतीला पाठ टेकू न देता उभा राहिला. दार मिटू नये म्हणून हात आडवा धरला. दोन कारकून आत आले, एक म्हातारी काठी टेकत आली. म्हातारीचं पाऊल उंबऱ्यावरून नीट आत पडेपर्यंत तो तिच्या पायांकडे बघत होता. सगळ्यात शेवटी निकालपत्र हातात घेऊन ती आली.

त्याने हात काढून घेतला, सगळे आत आले आहेत याची एकवार खात्री केली आणि विचारलं,

"कितवा मजला, वकीलबाई?"

"तळमजला," ती म्हणाली. त्याने बटण दाबलं, आणि खाली पोचेपर्यंत मान किंचित वर करून तो ऐकत राहिला.