फुली मारलेली ओळ

मी एक जुना वजनकाटा आहे. माझा एक पाय झिजलाय, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते. मित्रांनो, माझ्यावर कुणी सोनं तोललं नाही की साखर तोलली नाही. मी जन्मभर उंदीर तोलले.

कारखान्यातून निघालो तो थेट एका प्रयोगशाळेत आलो. तिथे म्हातारपण लांबवणाऱ्या गोळ्या शोधत होते. कशात काय आणि किती मिसळायचं, हे एक कृत्रिम बुद्धीचा संगणक सुचवी. ते मिश्रण उंदरांना खाऊ घालत, त्यांचं वजन आणि चपळाई त्याला कळवत, त्यावरून तो पुढचं मिश्रण सुचवी. पाहुणे येत, त्याचं कौतुक करत आणि चहाचे कप माझ्यावर ठेवत.

मला पुसणारे एकच, पिंजरेवाले काका. त्यांची एक सवय होती. उंदीर मेला तरी ते त्याला माझ्यावर ठेवत, शेवटचं वजन वहीत लिहीत आणि पुढे फुली मारत. म्हणत, "जाताना तरी तुझी नीट नोंद होऊ दे, बाबा."

एकदा संगणकाने सतरा नंबरचं मिश्रण सगळ्यांत वर ठेवलं. त्या गटातले म्हातारे उंदीर टुणटुणीत होते म्हणे. प्रयोगशाळेच्या साहेबांनी गोळ्यांच्या डब्या छापायला टाकल्या. संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंना तर धीरच निघेना. त्यांच्या वडिलांना जिना चढताना दम लागायचा. चाचण्या पुऱ्या व्हायच्या आधीच त्या रोज संध्याकाळी जाऊन त्यांना ती गोळी देऊ लागल्या. हा गाढवपणा होता. शिकलेली माणसंही करतात.

एका दुपारी काकांच्या कानावर हे आलं. मला पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"ताई, सतरा नंबरचे बाराच्या बारा जगले असं वाटतं का तुम्हाला?"

"संगणक एकही मेल्याचं दाखवत नाही, काका."

"संगणकाने कधी पिंजरे धुतलेत? सात मी उचललेत, याच हातांनी. वही बघा."

वहीत सात फुल्या होत्या. माहिती भरताना फुलीची ओळ अपुरी म्हणून गाळायची, असं बाईंनीच ठरवून दिलं होतं. दुबळे आधीच मेले. पाच दणकट उरले, तेवढेच संगणकाला दिसले. तो खोटं बोलला नव्हता. मेलेले त्याच्यापर्यंत कुणी पोचूच दिले नव्हते.

बाईंनी तिथूनच वडिलांना फोन लावला, गोळी बंद करा म्हणाल्या. तासाभरात वडील स्वतःच डबी घेऊन आले.

"एवढी पांढरीफटक का पडलीस? मला काही झालेलं नाही."

"बाबा, तुमचा तर या गोळ्यांवर विश्वास नव्हता. मग घेत का होतात?"

"गोळीवर नव्हताच गं. पण ती द्यायला तू रोज यायचीस."

त्याच दिवशी बाईंनी वडिलांना तपासून आणलं. मग वहीतल्या सगळ्या फुल्या संगणकात भरल्या. सतरा नंबर तळाला गेला.

साहेब चिडले. "आता छापलेल्या डब्यांचं काय करू?"

"त्यांच्यावरही फुली मारा," काका म्हणाले.

आता माझ्या जागी नवा काटा आलाय. तो वजन थेट संगणकाला सांगतो, वहीची गरज नाही. मी कपाटात असतो. बाई अजून रोज संध्याकाळी वडिलांकडे जातात, रिकाम्या हाताने, असं काका सांगतात.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. माझ्यावर खुशाल कप ठेवा. पण मेलेला उंदीर त्या नव्या काट्यावरही ठेवत जा, आणि त्याची ओळ गाळू नका.