सात वाट्यांचे सात वार

मित्रांनो, हळदीचा वास ज्याच्या पोटातून कधीच पुरता गेला नाही, असा मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. स्टीलच्या पत्र्यातून मला दाबून काढले, आत सात वाट्या बसवल्या आणि रुखवतात मांडण्यापूर्वी भांडेवाल्याने माझ्या झाकणावर नाव कोरले : निवेदिता. ती सुई मला जिथे दुखली, तिथून मी माझे आयुष्य मोजतो.

कळंबच्या घरात नऊ वर्षे मोहरी, जिरे, येसूर माझ्यात सुखाने नांदले. ‘सूनबाईच्या हाताला चव आहे,’ असे सासूबाई नागम्मा चारचौघींत सांगत. मग ते कौतुक आटले. लातूरच्या दवाखान्यात निवेदिताच्या गर्भाशयात तीनदा गर्भ सोडला. तीनदा तो रुजला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्याने गर्भ तयार करू. त्याआधी तीन महिने दोघांनीही पूरक गोळ्या घ्या. हमी नाही, पण दोघांनीही.

आल्यागेल्याने विचारू नये म्हणून निवेदिताने माझ्यातले मसाले काढले आणि सात वाट्यांचे सात वार केले. प्रत्येक वारात तिच्या गोळ्या आणि नवऱ्याच्या, सोमेशच्या.

सोमेशचे खत-बियाण्यांचे दुकान. पहिल्याच सकाळी तिने वाटी पुढे केली.

“मला काय झालंय?” तो म्हणाला.

“दुकानात तुम्हीच सांगता ना, उगवलं न्हाय म्हणून नुसत्या रानाला बोल लावू नका, आधी बियाण्याला औषध चोळा म्हणून?”

“मी काय सोयाबीन हाय व्हय?” हसत त्याने चप्पल पायात सरकवली.

तिच्या गोळ्या रोज संपत; त्याच्या उरत. दर रविवारी ती उरलेल्या गोळ्या वेचून माझ्या वाट्यांवरच्या चपट्या झाकणीत ठेवी. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नसावे. एकदा ओट्यापाशीच दवाखान्याचा फोन आला. “हो मॅडम, हेही घेतात. एक दिवस चुकवत नाहीत.” फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिचा तळवा माझ्यावर पालथा होता, थंड, स्टीलहून थंड.

तीन महिन्यांनी चौथ्यांदा गर्भ सोडला. तेव्हाही रक्ताच्या तपासणीत ‘नाही’ आले.

“तीन महिने गोळ्या गिळून काय उपेग झाला, बाई?” नागम्मा म्हणाल्या. “रानच धरत न्हाय. सोमेशचं दुसरं बघावं म्हणते मी.”

निवेदिताने मला फरशीवर ठेवले आणि झाकणी त्यांच्यापुढे उपडी केली. गोळ्या लग्नातल्या अक्षतांसारख्या विखुरल्या.

“आत्या, ह्या तुमच्या लेकाच्या. एकसुद्धा घेतली न्हाय त्यांनी.”

सोमेशने पायाजवळची एक गोळी उचलून पाहिली. मग म्हणाला, “मग डॉक्टरला घेतात म्हणून कशाला सांगितलंस?”

“तुमची मान खाली जाऊ नये म्हणून.”

“म्हंजे खोटं तूच बोललीस की!”

नागम्मांना शब्द सापडला. “बघ! खोटारडी!” त्यांनी केरसुणी घेतली आणि गोळ्या लोटून टाकल्या.

दुसऱ्या सकाळी निवेदिताने मला घासले, पुसले, पिशवीत घातले. त्या घरात तिचे नाव असलेली एवढी एकच वस्तू होती. आता मी माकणीला, तिच्या माहेरच्या फडताळात आहे. माझ्या वाट्या रिकाम्या आहेत आणि तिथे कोणी काही विचारत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. राखेने घासले की मी उजळतो. मागणे एवढेच : औषध दोघांना सांगितलेले असेल, तर एकाच वाटीकडे पाहून निवाडा करू नका. आणि दुसऱ्याची लाज झाकायला स्वतः झाकण होऊ नका. झाकून ठेवणे हा डब्याचा धर्म आहे, माणसाचा नाही.