सोडतीचा निरोप

“कार्डावरचे आकडे वाचून दाखवा पाहू. मुदत उद्यापर्यंतच आहे,” रकिया म्हणाली.

दुपारच्या नमाजाहून परतलेला मी अजून दारातच होतो. बायकोने मोबाइल माझ्यापुढे धरला. हजच्या सोडतीत तुमची निवड झाली आहे; पासपोर्ट आणि बँकेच्या कार्डाचा तपशील त्वरित न दिल्यास जागा दुसऱ्याला जाईल, असा ईमेल होता. अकरा वर्षे आम्ही सोडतीत नाव घालत होतो. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता; मला मात्र शंका आली.

“आधी बसू तर दे.”

“बसा की! तुम्ही बसेपर्यंत विमान उडून जाईल.”

मोरोक्कोतल्या आमच्या साफी बंदरात सार्डिन मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षे बॉयलरचे दाबमापक तपासले. ज्या मापकाविषयी शंका आहे त्याच्याच काट्यावरून निर्णय घेऊ नये, दुसरा स्वतंत्र मापक जोडून पाहावा, हे तंत्रशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. मी ईमेल तीनदा वाचला. ‘प्रिय यात्रेकरू’ असे होते, नाव नव्हते. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा शेवट सरकारी नव्हता. खाली चौकशीसाठी एक क्रमांक मात्र होता.

“शंका आहे तर तिथं फोन करून विचारा ना!”

“तो नंबर त्यांनीच दिलाय. ते ‘हो’च म्हणणार.”

अर्ज भरताना कचेरीने दिलेली पावती मी कपाटातून काढली आणि तिच्यावरच्या क्रमांकावर फोन लावून अर्जाचा क्रमांक सांगितला.

“नाही हो, हाजी,” कारकून म्हणाला. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला अशीच हाक मारतात. “यंदाही नाव नाही. सकाळपासून असेच फोन येताहेत. कार्डाचे आकडे नाही ना दिलेत?”

रकिया गादीच्या कडेवर बसली.

“मी सकाळीच तामूकडे जाऊन आले.”

तामू तिची धाकटी बहीण. आईच्या मागे तिची पितळी किटली रकियाने ठेवून घेतली, त्यावरून दोघींमध्ये नऊ वर्षे बोलणे नव्हते. हजला जाणाऱ्याने सर्वांची माफी मागूनच निघायचे असते.

“तिनं माफ केलं. गळ्यात पडून रडली हो. संध्याकाळी यायचीय. आता म्हणेल, हजसाठी आली होती, माझ्यासाठी नाही.”

“आज सांगू नकोस.”

“म्हणजे मीही या ईमेलवाल्यांसारखंच करू?”

मी पावती पुन्हा कपाटात ठेवली.

ऊन उतरल्यावर तामू आली, हातात खजुरांची ताटली घेऊन. रकियाने तिला उंबऱ्यावरच थांबवले.

“माझं नाव निघालेलं नाही, तामू. निरोप फसवा होता. हे ऐक, मग यायचं तर आत ये.”

तामूने ताटली दुसऱ्या हातात घेतली.

“पुढच्या वर्षी नाव निघालं, तर पुन्हा येशील माफी मागायला?”

“येईन. नाही निघालं तरी येईन.”

“दरवर्षी कशाला छळतेस बाई!” तामूने सपाता काढल्या. “चहा टाक. आणि त्या किटलीतलाच पाज.”

रकियाने फडताळाच्या तळातून कापडात गुंडाळलेली किटली काढली. नऊ वर्षांत तिनेही ती कधी वापरली नव्हती.